सेकंडहँड बेस घेताना नेक उघडून बघायला लाजू नका

प्रति,
मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत जुनी वाद्यं विकत घेण्यावर जो लेख आला होता तो वाचला. विषय घेतलात ते फार बरं केलंत कारण मराठीत यावर कुणी लिहीतच नाही, पण इलेक्ट्रिक बेस गिटारबद्दल त्यात एवढंच होतं की सीरियल नंबर कंपनीच्या साइटवर टाकून बघा आणि जुळला की बिनधास्त घ्या. हा सल्ला अर्धवट आहे आणि अर्धवट असल्यामुळेच धोक्याचा आहे, म्हणून हे पत्र. मी पुण्यात गिटार आणि बेस रिपेअर करतो, स्वतः बेस वाजवतो, आणि हल्ली माझ्याकडे सेटअपला येणाऱ्या सेकंडहँड 'फेंडर' (म्हणजे नावाजलेल्या अमेरिकन गिटार कंपनीच्या) बेसपैकी काही फेंडर नसतात. ज्याचा आहे त्याला हे तोंडावर सांगायची वेळ येते तेव्हा खरंच वाईट वाटतं, कारण घेणारा बहुतेक वेळा कॉलेजातला पोरगा किंवा पोरगी असते आणि पैसे साठवून साठवून घेतलेला असतो.

सीरियल नंबर म्हणजे काय तर हेडस्टॉकवर, म्हणजे नेकच्या (बेसच्या लांब दांड्याच्या) वरच्या टोकाला, चिकटवलेला किंवा छापलेला एक नंबर, बस. ज्याला खोटा लोगो चिकटवता येतो त्याला नंबर चिकटवायला काय लागतं? आणि तो नंबर मनाने बनवतही नाहीत, कुणाच्या तरी खऱ्या बेसच्या जाहिरातीतल्या फोटोवरून उचलतात, मग तुम्ही साइटवर टाकलात की माहिती बरोब्बर येणारच, कारण तो नंबर खरा आहे, फक्त या बेसचा नाही. म्हणून नंबर जुळला म्हणजे तपासणी संपली असं नसतं, उलट तिथून ती सुरू होते. नंबर काय सांगतोय आणि लाकूड, वायरिंग, पिकअप (स्ट्रिंगांचा आवाज पकडणारा चुंबकाचा भाग) काय सांगतायत हे एकमेकांशी जुळतंय का ते बघायचं. सगळी मेख इथेच आहे.

नंबर वाचायचा कसा ते थोडक्यात सांगतो. फेंडरच्या अमेरिकन नंबरांत सत्तरच्या दशकाच्या शेवटापासून सुरुवातीला एक अक्षर येतं, एस म्हणजे सत्तरचं दशक, ई म्हणजे ऐंशीचं, एन म्हणजे नव्वदचं, झेड म्हणजे २००० नंतरचं, आणि पुढचा आकडा त्या दशकातलं वर्ष, म्हणजे एन ५ असेल तर १९९५ च्या आसपास. मेक्सिकोत एन्सेनाडाला जो कारखाना आहे तिथल्या बेसना याच्या आधी एम लागतो, म्हणजे एमएन म्हणजे मेक्सिको नव्वद, एमझेड म्हणजे मेक्सिको २०००, आणि २०१० पासून एमएक्स आणि पुढे वर्षाचे दोन आकडे. 'आसपास' म्हणतोय कारण वर्ष बदलताना नंबरांची सरमिसळ होते हे कंपनी स्वतःच सांगते. १९७६ च्या आधीच्या बहुतेक बेसवर नंबर हेडस्टॉकवर नसायचाच, तो मागच्या नेकप्लेटवर असायचा, आणि नेकप्लेट म्हणजे चार स्क्रूंची एक पत्र्याची पट्टी, ती कुठल्याही बेसला लावता येते, त्यामुळे नेकप्लेटवरच्या नंबरावर तर अजूनच विसंबू नका. जपानमध्ये बनलेल्या फेंडरवर बऱ्याच वेळा नंबर नेकच्या मागे खाली, बॉडीला जोडतात तिथे असतो, तो बघून "हा कुठे काय लिहिलंय, डुप्लिकेट आहे" म्हणून चांगला बेस सोडून दिलेले लोक पण मला माहीत आहेत.

आता एक प्रत्यक्ष केस सांगतो म्हणजे मी काय म्हणतोय ते कळेल. कोल्हापूरचा एक मुलगा इथे इंजिनिअरिंगला आहे, फिरोदिया करंडक या कॉलेजांच्या स्पर्धेच्या तालमीसाठी बेस हवा होता, ऑनलाइन जाहिरात बघून एक मेक्सिकन फेंडर स्टँडर्ड जॅझ बेस (हे फेंडरचं एक मॉडेल) त्याने पसंत केला, टोकन देऊन बसला होता आणि बाकीचे पैसे द्यायच्या आधी विकणाऱ्याला म्हणाला की दादांना (म्हणजे मला) एकदा दाखवून आणतो. चांगलं केलं. नंबर एमझेड ५ ने सुरू होत होता म्हणजे साधारण २००५ चा, साइटवर माहिती व्यवस्थित येत होती. सनबर्स्ट कलर, दिसायला एकदम टकाटक.

माझी नजर पहिल्यांदा गेली ती फ्रेटबोर्डवर, म्हणजे नेकवरच्या बोटं ठेवायच्या लाकडी पट्टीवर. २००५ च्या मेक्सिकन स्टँडर्डवर एकतर मेपल असतं नाहीतर रोझवूड म्हणजे आपलं शिसवी. हे लाकूड फिकट तपकिरी होतं, रेषा उठून दिसत होत्या आणि जरा कोरडं वाटत होतं, म्हणजे इंडियन लॉरेल, आपल्याकडे सह्याद्रीत जो ऐन होतो त्याच जातीचं. आता हे लाकूड गिटारवर आलं कधी आणि का, हे माहीत असेल तर कोडं लगेच सुटतं. जानेवारी २०१७ मध्ये साइट्स या आंतरराष्ट्रीय करारात शिसवीच्या सगळ्या जातींवर बंधनं आली, प्रत्येक गिटार परदेशी पाठवताना कागदपत्रं लागायला लागली, म्हणून कंपन्यांनी दुसरी लाकडं शोधली. फेंडरने मेक्सिकन बेसवर पाऊ फेरो नावाचं लाकूड आणलं आणि आपल्याच स्वस्तातल्या स्क्वायर ब्रँडवर इंडियन लॉरेल. नंतर २०१९ च्या शेवटी वाद्यांना त्या नियमातून सूट मिळाली पण तोपर्यंत बऱ्याच मॉडेलचं लाकूड बदललेलं होतं. म्हणजे हा नेक २००५ चा असूच शकत नाही, २०१७ नंतरचा आहे, आणि मेक्सिकन फेंडरचा नाही, स्क्वायरचा आहे.

तरी एका गोष्टीवरून कुणाला खोटं ठरवायचं नसतं, नेक बदललेला असू शकतो. म्हणून पुढे बघितलं. हेडस्टॉक खिडकीजवळ नेऊन उजेडाला तिरका धरला तर मागच्या बाजूला एका पट्टीत पॉलिश वेगळं दिसत होतं, बाकी सगळीकडे एकसारखी सॅटिन चमक आणि तेवढ्याच भागात बारीक गोल गोल ओरखडे, म्हणजे तिथे जे काही छापलेलं होतं ते बारीक सँडपेपरने घासून काढलंय. पुढचा फेंडरचा लोगो नखाने हलकेच चाचपला तर कडा लागत होती. नुसती कडा लागली म्हणून खोटा म्हणायचं नाही हां, खऱ्या फेंडरवर पण काही काळात डेकल (लोगोचा चिकटवायचा कागद) लॅकरच्या वरूनच लावलेले आहेत, पण याच्या सोनेरी अक्षरांत धातूची चमक नव्हती, भिंगातून बघितल्यावर प्रिंटरचे ठिपके दिसत होते.

मग त्याला विचारून कंट्रोल प्लेट उघडली. जॅझ बेसवर तीन नॉब असलेली क्रोमची जी पट्टी असते तिचे दोन-तीन स्क्रू काढले की आतलं सगळं दिसतं, स्ट्रिंगा सैल कराव्या लागत नाहीत, पाच मिनिटांचं काम. आत पॉट (नॉबखालचे, आवाज कमी-जास्त करणारे भाग) होते ते बारके, नखाएवढे. चांगल्या बेसमध्ये साधारण २४ मिलिमीटरचे मोठे पॉट असतात, हे १६ मिलिमीटरचे होते. पुढे पिकअप उचलला. अमेरिकन फेंडरच्या जॅझ पिकअपमध्ये वरून जे आठ गोल तुकडे दिसतात ते स्वतःच अल्निको या मिश्रधातूचे चुंबक असतात, प्रत्येक स्ट्रिंगला दोन. या पिकअपखाली आडवी काळी सिरॅमिकची पट्टी चिकटवलेली होती आणि वरचे तुकडे साधे लोखंडी, म्हणजे चुंबक खाली आणि वर नुसत्या खुंट्या. स्वस्त स्क्वायरमध्ये हे असतंच आणि त्यात काही चूक नाही, ते त्या किमतीचं वाद्य आहे. शेवटी बॉडीची जाडी मोजली. स्टँडर्ड जॅझ बेसची बॉडी साधारण ४५ मिलिमीटर जाड असते, ही त्यापेक्षा चांगलीच पातळ होती, आणि स्क्वायरच्या अफिनिटी सिरीजची ओळखच ती आहे.

तर हा होता एक स्क्वायर अफिनिटी जॅझ बेस, चार-पाच वर्षं वापरलेला, वाजायला ठीकठाक, फक्त त्यावर दुसऱ्याचं नाव लावलेलं. मुलाने तिथूनच विकणाऱ्याला फोन केला तर तो म्हणाला मला पण असाच मिळाला होता, मी काय केलेलं नाही. खरं असेल ते, मी त्याला दोष देत नाही, कारण असे बेस तीन-चार हातांतून फिरतात आणि लोगो नेमका कुणी लावला ते कुणालाच माहीत नसतं. पण टोकनचे पैसे परत यायला बरीच ओढाताण झाली आणि ऐन तालमीच्या दिवसांत तो मुलगा बेसशिवाय बसला.

यात मला सगळ्यात जास्त राग येतो तो कशाचा, तर स्क्वायर वाईट नाही याचा कुणी विचारच करत नाही. स्क्वायर ही फेंडरचीच कंपनी, १९८२ पासून या नावाने गिटार येतात, आणि सुरुवातीच्या जपानी स्क्वायर, ज्यांचा नंबर जेव्ही ने सुरू होतो, त्या आज इतक्या शोधल्या जातात की त्यावर कुणी फेंडरचा लोगो लावला तर स्वतःचंच नुकसान करून घेईल. आणि एक गंमतीची माहिती, अगदी पहिल्या काही जेव्ही वर कंपनीनेच मोठा फेंडर लोगो आणि बाजूला बारीक अक्षरात स्क्वायर सिरीज असं छापलं होतं, त्यामुळे मोठा लोगो दिसला की लगेच खोटा असंही नाही. आत्ताच्या क्लासिक व्हाइब सिरीजचे बेस तर मी डोळे झाकून रेकमेंड करतो. शिकणाऱ्या मुलाने सरळ स्क्वायर म्हणून स्क्वायर घ्यावा, स्क्वायरच्या भावात घ्यावा, काहीही बिघडत नाही. लोगो बदलला की किंमत काही पटींनी वाढते आणि वाजतो तर तेवढाच, म्हणजे वरचे सगळे पैसे त्या कागदाच्या तुकड्याचे.

आता नेक उघडण्याबद्दल, जे या पत्राचं मुख्य कारण आहे. फेंडरचे बेस बोल्ट-ऑन असतात, लिओ फेंडरने १९५१ मध्ये पहिला प्रिसिजन बेस आणला तेव्हापासून नेक बॉडीला स्क्रूने जोडलेला आहे आणि तो काढण्यासाठीच तसा केलाय. स्ट्रिंगा सैल करायच्या, पहिल्या फ्रेटवर कॅपो (स्ट्रिंगा दाबून धरणारा चिमटा) किंवा कागदी टेप लावायची म्हणजे स्ट्रिंगा विस्कटत नाहीत, मागचे चार स्क्रू योग्य मापाच्या हातातल्या पेचकसाने काढायचे, मशीन वापरायचं नाही, की नेक हातात येतो. सत्तरच्या दशकातल्या काही जॅझ बेसना तीनच स्क्रू असतात, ते बघून दचकू नका. नेकच्या टोकाला, म्हणजे जो भाग बॉडीच्या खाचेत बसतो तिथे, फेंडरच्या कारखान्यात तारीख टाकायची पद्धत आहे. पन्नासच्या दशकात पेन्सिलने लिहायचे, १९६२ पासून रबरी शिक्का यायला लागला, नंतर वेगवेगळे शिक्के आणि स्टिकर. साठच्या दशकातल्या शिक्क्यात पहिला आकडा मॉडेलचा असतो, ७ म्हणजे जॅझ बेस, ५ म्हणजे प्रिसिजन, मग महिना आणि वर्ष, आणि शेवटी एक अक्षर, ते नटच्या, म्हणजे हेडस्टॉकजवळ स्ट्रिंगा टेकतात त्या पट्टीच्या, रुंदीचं. ती तारीख नेकची असते, पूर्ण बेसची नाही, कारण कारखान्यात नेक आणि बॉडी वेगवेगळ्या ढिगांतून उचलून जोडायचे, त्यामुळे दोन-चार महिन्यांचा फरक चालतो. दहा वर्षांचा फरक चालत नाही. खाचेत एखादी पातळ पट्टी ठेवलेली दिसली तर घाबरू नका, ती नेकचा कोन नीट करण्यासाठी असते, खुद्द कारखान्यातसुद्धा टाकायचे. बॉडीच्या खाचेत रंग नसलेला भाग असतो तिथे लाकूड एकसंध आहे की प्लायवूडसारखे थर दिसतायत हे पण बघून घ्या.

आणि पॉटचे आकडे. जुना अमेरिकन बेस म्हणून कुणी विकत असेल तर हे बघितल्याशिवाय एक पैसा देऊ नका. पॉटच्या मागे किंवा कडेवर सहा-सात आकडे कोरलेले असतात, पहिले तीन बनवणाऱ्याचे, १३७ म्हणजे सीटीएस, ३०४ म्हणजे स्टॅकपोल, आणि पुढे वर्ष आणि आठवडा. म्हणजे ३०४६६१२ असं असेल तर स्टॅकपोलचा पॉट, १९६६ सालच्या बाराव्या आठवड्यातला. पन्नासच्या दशकात वर्षाचा एकच आकडा असायचा म्हणून सहा आकडे. फेंडरने १९६६ मध्ये पॉटचा प्रचंड साठा घेतला होता आणि तो पुढे कित्येक वर्षं वापरला, त्यामुळे १९६९ च्या बेसमध्ये १९६६ चे पॉट निघाले तर ते बरोबरच आहे. पॉट बेसच्या आधीचा असू शकतो, नंतरचा निघाला तर तो बदललेला आहे, आणि सोल्डर बघितलं तर ते पण कळतं, जुनं सोल्डर मळकट आणि एकसारखं असतं, नव्याने लावलेल्याची चमक वेगळी दिसते आणि आजूबाजूला जळल्याचे डाग असतात.

गोव्यात आणि वांद्र्यात अजूनही काही जुन्या घरांत खरोखरच जुने बेस आहेत हे मी स्वतः बघितलंय. मुंबईच्या फिल्म स्टुडिओंत एके काळी बेस वाजवणाऱ्यांत गोव्याची माणसं किती होती ते सगळ्यांना माहीत आहे, आर. डी. बर्मन यांच्याबरोबर वाजवणारे टोनी वाझ तर आमच्यासाठी शाळा आहेत, त्यांचा बेस ऐकत आमच्यासारखे किती तरी जण शिकले. तेव्हा आयात शुल्क इतकं होतं की चांगलं वाद्य दुकानात मिळायचंच नाही, जहाजावर नोकरी करणारे किंवा गल्फला गेलेले कुणीतरी घेऊन यायचे. म्हणून "आमचे अंकल शिपवर होते, त्यांनी साठच्या दशकात आणलाय" ही गोष्ट खरी असू शकते, आणि नेमकं म्हणूनच ती खोटं विकणाऱ्यांच्या पण कामाला येते.

अशा वेळी मी अंकलची गोष्ट ऐकून घेतो आणि बेसकडे बघतो. जॅझ बेस १९६० ला आला, पहिल्या दोनेक वर्षांत त्याला दोन डबल (एकावर एक बसवलेले) नॉब असायचे, १९६२ पासून तीन साधे नॉब आले. फ्रेटबोर्डच्या कडेला पांढरी पट्टी आणि ठिपक्यांऐवजी चौकोनी ब्लॉक १९६५-६६ च्या सुमारास आले. १९६५ च्या जानेवारीत सीबीएस कंपनीने फेंडर विकत घेतली, तेव्हा प्री-सीबीएस, म्हणजे त्याआधीचा, म्हणून कुणी चौकोनी ब्लॉकवाला नेक दाखवत असेल तर तिथेच थांबा. बहुतेक वेळा असं निघतं की अंकलनी आणलेला बेस खरा फेंडरच असतो पण जपानमध्ये ऐंशीच्या दशकात बनलेला, १९६२ च्या मॉडेलची कॉपी म्हणून कंपनीनेच काढलेला. तो उत्तम बेस आहे, त्याला चांगली किंमत येते, पण साठच्या दशकातल्या मूळ बेसची येत नाही, आणि घरच्यांनी फसवलेलं पण नसतं, त्यांना खरंच तसं वाटत असतं. अशा घरी जाऊन सांगताना जरा जपून बोला, कुणाच्या तरी वडिलांची आठवण असते ती.

बॉडीच्या आकारावरून काही ठरवू नका. २००९ मध्ये अमेरिकेच्या ट्रेडमार्क बोर्डाने फेंडरला बॉडीच्या आकारांवर हक्क द्यायला नकार दिला, म्हणजे प्रिसिजन बेससारखी बॉडी कुणीही कायदेशीरपणे बनवू शकतो आणि बनवतात. नाव आणि हेडस्टॉकचा आकार मात्र फेंडरचा आहे. म्हणून वेगळ्या कंपनीची बॉडी आणि खरा फेंडर नेक असा जोडलेला बेस पण फिरत असतो, त्याला आम्ही पार्ट्स बेस म्हणतो. तो गुन्हा नाही, मी पण असे बेस जोडून देतो, काही तर फार सुंदर वाजतात. पण विकताना सांगितलं पाहिजे, नेक याचा, बॉडी त्याची, पिकअप अमुक. न सांगता ओरिजिनल म्हणून विकला की ती फसवणूक झाली.

रिकेनबॅकर या दुसऱ्या अमेरिकन कंपनीचं वेगळं आहे आणि सोपं पण आहे. त्या कंपनीचा सगळा माल कॅलिफोर्नियात सँटा अॅनाला एकाच ठिकाणी बनतो, स्वस्तातली चिनी किंवा कोरियन सिरीज त्यांनी कधी काढलेलीच नाही, त्यामुळे "चायनामेड ओरिजिनल रिकेनबॅकर" नावाची वस्तूच जगात नाही. त्यांच्या ४००३ या मॉडेलच्या बेसचा नेक पूर्ण बॉडीतून आरपार गेलेला असतो, मागे स्क्रूची प्लेट दिसली की विषय संपला. कडेच्या जॅकच्या पट्टीवर दोन जॅक असतात आणि नंबर तिथेच असतो.

वाजवून बघायचं ते तर बघाच. जॅझ बेसचे दोन्ही व्हॉल्यूम पूर्ण उघडे ठेवले की अँपमधली घूं कमी होते आणि एक व्हॉल्यूम खाली केला की परत येते, कारण दोन्ही पिकअप एकमेकांच्या उलट गुंडाळलेले असतात. केबल लावून मल्टीमीटर दुसऱ्या टोकाला धरला, एक व्हॉल्यूम बंद केला तर साधारण सात-आठ किलोओहम दिसायला हवं, त्यापेक्षा फारच जास्त दिसलं किंवा काहीच दिसलं नाही तर कॉइल तुटलेली आहे किंवा वायर सुटलीय. यावरून बेस चालू आहे एवढंच कळतं, खरा आहे हे नाही कळत, चांगली कॉपी पण हे सगळं पास करते. तरी करा, कारण खरा असून बंद असलेला बेस पण कुणी गळ्यात मारू शकतो.

कुणी म्हणेल की नेक उघडू द्या म्हटलं की विकणारा चिडतो. काही जण चिडतात, हे खरं आहे. मग त्यालाच सांगा तुम्हीच उघडा, किंवा जवळच्या रिपेअरवाल्याकडे दोघं जाऊ, खर्च मी देतो. फार तर नेक नाही, निदान कंट्रोल प्लेट उघडून आतला फोटो पाठवा म्हणा. ज्याला काही लपवायचं नाही तो अर्ध्या तासात फोटो पाठवतो, माझा तरी असाच अनुभव आहे. आणि फोटो मागताना बेसशेजारी आजची तारीख लिहिलेली चिठ्ठी ठेवायला सांगा, कारण दुसऱ्याच्या जाहिरातीतले फोटो उचलून टाकणारे पण आहेत. तेवढं करूनही समोरचा टाळाटाळ करत असेल तर बेस कितीही आवडला तरी सोडा, दुसरा मिळतो.

ज्यांची आधीच फसवणूक झालीय त्यांच्यासाठी पण दोन शब्द, कारण लाजेने कुणी बोलत नाही. जाहिरात, चॅट, पैसे दिल्याचा पुरावा सगळ्याचे स्क्रीनशॉट आधी काढून ठेवा, जाहिरात गायब व्हायला वेळ लागत नाही. पैसे ऑनलाइन गेले असतील तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच फोन करा, जितका उशीर तितके पैसे परत मिळायची शक्यता कमी. खोटा ट्रेडमार्क लावणं आणि तसा माल विकणं हा १९९९ च्या ट्रेडमार्क कायद्याखाली गुन्हा आहे, सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत शिक्षा आणि दंड आहे, आणि जाणूनबुजून फसवलं असेल तर भारतीय न्याय संहितेचं ३१८ कलम आहेच. पोलिसांना गिटारमधलं कळत नाही अशी तक्रार मी ऐकलीय, मग त्यांना कळेल असं लिहून न्या, रिपेअर करणाऱ्याकडून एका कागदावर घ्या की नेक अमुक कंपनीचा आहे, लोगो नंतर लावलाय, हे त्याचे फोटो. असा कागद मी कुणालाही फुकट लिहून देतो आणि इतर रिपेअरवाल्यांनी पण द्यावा. आणि तो बेस फसवून पुढे तिसऱ्याला विकू नका, प्लीज. लोगो काढा, आहे त्या नावाने विका, थोडे पैसे जातील.

संपादक साहेब, माझी एवढीच विनंती की त्या लेखाला जोडून पुढच्या रविवारी एक छोटी चौकट छापा, त्यात नेकच्या टोकावरच्या शिक्क्याचा आणि मोठ्या-बारक्या पॉटचा शेजारी शेजारी फोटो द्या, म्हणजे ज्याने आयुष्यात बेस उघडला नाही त्याला पण काय बघायचं ते कळेल. फोटो हवे असतील तर माझ्याकडे भरपूर आहेत, नंबर झाकून पाठवतो.

आपला,
एक बेस वाजवणारा आणि रिपेअर करणारा वाचक,
पुणे